स्मोक मशीनचं लिक्विड: बिनलेबलचा कॅन, लहान मुलं आणि बंद हॉल. नीट माहिती हवी आहे

विंगेत_उभी

नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप बालनाट्य करतोय, दिवाळीनंतर कोथरूडला प्रयोग आहे. नाटकात जंगलाचा एक प्रवेश आणि शेवटी राक्षसाची एंट्री, दोन्हीला धूर पाहिजे असं दिग्दर्शकाचं म्हणणं. मशीन एका ओळखीच्या साऊंड-लाइटवाल्याकडून भाड्याने मिळतंय, १५०० वॅटचं. लिक्विड पण तोच देतोय, पाच लिटरचा पांढरा कॅन, त्यावर काहीच लिहिलेलं नाही, ना कंपनी ना तारीख. विचारलं तर म्हणाला "सगळीकडे हेच चालतं ताई, पाण्यासारखंच असतं". किंमत ब्रँडेडच्या निम्मी.

स्टेजवर आठ ते बारा वर्षांची मुलं आहेत, त्यातल्या एकीला दमा आहे, तिची आई मला रोज विचारतीये की धूर कसला असतो. मला तिला खरं उत्तर द्यायचंय. हे लिक्विड म्हणजे नक्की काय असतं, कुठलं घ्यायचं, हाताळताना काय बघायचं? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

उजेडवाला

तो कॅन घेऊ नका. बाकीचं सगळं नंतर, आधी हे.

मी गेली बरीच वर्षं प्रकाशयोजना करतो, भरत नाट्य मंदिरापासून मंगल कार्यालयांपर्यंत सगळीकडे मशीन लावलेली आहेत. या मशीनमधून निघतो तो खरा धूर नसतोच, काही जळत नसतं. आत एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्यात बारीक नळी, तो हीटरने दोनशे डिग्रीच्या आसपास किंवा वर तापतो, पंप लिक्विड त्या नळीत ढकलतो, त्याची वाफ होते, आणि तोंडातून बाहेर आली की थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात. म्हणजे कॅनमध्ये जे काही आहे ते थेंब होऊन तुमच्या मुलांच्या छातीत जाणार आहे. म्हणून त्यात काय आहे ते माहीत असायलाच हवं, एवढं साधं आहे.

चांगल्या वॉटर-बेस लिक्विडमध्ये डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी असतं आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ट्रायइथिलीन ग्लायकॉल, डायप्रॉपिलीन ग्लायकॉल यापैकी एखाददुसरं, किंवा ग्लिसरीन. कुठलं किती यावर धूर पटकन विरतो का रेंगाळतो ते ठरतं. मशीनच्या कंपनीने जे लिक्विड सांगितलंय तेच घालायचं, कारण हीटरचं तापमान त्या लिक्विडच्या हिशोबाने ठेवलेलं असतं. दुसऱ्याच मशीनचं लिक्विड घातलं आणि ते जास्त तापलं तर त्याचं विघटन होतं, ग्लिसरीनचं ॲक्रोलीन होतं. कढईत तेल फार तापलं की डोळ्यात पाणी येतं आणि ठसका लागतो ना, त्या धुरात पण हेच ॲक्रोलीन असतं. धुराला जळकट वास आला आणि डोळे चुरचुरले की मशीन लगेच बंद करायचं, "गरम होतंय अजून, होईल नीट" म्हणून चालू ठेवायचं नाही.

केमिकल_काका

उजेडवाला यांना अनुमोदन. मी केमिकल लाइनमधलाच, आता रिटायर झालोय, त्यामुळे बिनलेबलच्या कॅनबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

प्रॉपिलीन ग्लायकॉल, इथिलीन ग्लायकॉल, डायइथिलीन ग्लायकॉल ही तिन्ही दिसायला सारखीच. पारदर्शक, पाण्यापेक्षा दाटसर, वास जवळपास नाही. पहिलं खाण्याच्या पदार्थात आणि औषधात चालतं. दुसरं म्हणजे गाडीचं कूलंट, तिसरं कारखान्यात वापरायचं, आणि ही दोन्ही विषारी आहेत, पोटात गेली तर किडनी बंद पाडतात. बघून, हुंगून यातला फरक कळत नाही. चव घेऊन बघायचा विचार तर कोणी मनातसुद्धा आणू नका.

आपल्याकडे हे घडलेलं आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण गेले. लेंटिन चौकशी आयोग त्याच्यावरच बसला होता. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलं कफ सिरपने दगावली, त्यातही हीच दोन ग्लायकॉल सापडली. दर वेळी मूळ गोष्ट एकच, कोणीतरी शुद्ध मालाच्या जागी स्वस्तातला कारखान्याचा माल वापरला किंवा भेसळीचा माल तपासलाच नाही. ती माणसं ते प्यायली होती, इथे धुरातून थोडं नाकात जाणार, त्यामुळे दोन्ही सारखंच असं मी म्हणणार नाही. पण जो माणूस कॅनवर लेबल लावत नाही त्याने आत आयपी ग्रेडचं, म्हणजे औषधात चालेल इतकं शुद्ध, प्रॉपिलीन ग्लायकॉल ओतलं असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

विकत घेताना तीन गोष्टी मागा. कंपनीचं नाव-पत्ता आणि बॅच नंबर असलेलं सीलबंद पॅकिंग, सेफ्टी डेटा शीट (आत काय आहे आणि धोके काय ते सांगणारा कंपनीचा कागद), आणि कुठल्या मशीनसाठी आहे त्याचा उल्लेख. डेटा शीटमध्ये घटकांचं नाव आणि त्यांचा सीएएस नंबर बघा, प्रत्येक रसायनाचा तो स्वतःचा ठरलेला नंबर असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा ५७-५५-६, ग्लिसरीनचा ५६-८१-५, ट्रायइथिलीनचा ११२-२७-६. इथिलीन ग्लायकॉल म्हणजे १०७-२१-१ आणि डायइथिलीन म्हणजे १११-४६-६, हे दोन दिसले तर तिथेच परत करा. दुकानदार शीट द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा, तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन दोन्हीकडे नीट पॅकिंगचा माल मिळतो.

पेठेतला_बाळ्या

एक प्रश्न, घरी बनवलं तर? ऑनलाइन व्हिडिओ आहेत ढिगाने, ग्लिसरीन केमिस्टकडून आणायचं आणि पाण्यात मिसळायचं. मंडळाच्या देखाव्याला दहा दिवस मशीन चालतं, लिक्विडचा खर्च परवडत नाही हो.

उजेडवाला

@पेठेतला_बाळ्या खर्चाचं समजतंय, पण सांगतो का नको ते. एक म्हणजे प्रमाण. ग्लिसरीन जास्त झालं की नळीत चिकटतं, जळतं, आणि वर लिहिलेला तो ठसका. दुसरं पाणी. घरचं बोअरचं पाणी घातलं की ठोकळ्यातल्या बारीक नळीत क्षार धरतो, गिझरच्या कॉइलवर धरतो तसा, मग पंप जोर लावतो, मशीन गरम थेंब थुंकायला लागतं आणि एक दिवस बंद पडतं. मशीनची किंमत लिक्विडच्या कितीतरी पट. तिसरं म्हणजे मंडळाच्या देखाव्यासमोर तान्ह्या बाळाला कडेवर घेतलेल्या बायका उभ्या असतात, त्यांना तुम्ही काय सांगणार, अंदाजाने मिसळलंय म्हणून?

खर्च कमी करायचा तर धूर कमी करा. सतत सोडायची गरजच नसते. टायमरवर छोटे झोत सोडा आणि पंख्याची दिशा नीट ठेवा, बघणाऱ्याला फरक कळत नाही. अत्तर, कापूर, रूम फ्रेशनर, खाण्याचा रंग यातलं काही टाकीत घालायचं नाही. रंग धुराला येतच नाही, तो लाइटने आणायचा.

वेताळटेकडी

मंडळांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. एका मंडळात (नाव लिहीत नाही) डासांची औषधफवारणी करायचं फॉगिंग मशीन देखाव्याला आणलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. पत्र्याचा बंद मांडव, आत जिवंत देखाव्यातली पोरं, आणि त्यात ते मशीन. त्याच्यात डिझेल किंवा रॉकेल असतं आणि वर कीटकनाशक. तो धूर माणसांनी श्वासात घ्यायचाच नसतो, शिवाय ज्वालाग्राही. मी आणि अजून दोघांनी जाऊन बंद करायला लावलं, वाद झाला, पण केलं बंद. दिसायला दोन्ही धूर सारखेच म्हणून लोकांना खरंच फरक माहीत नाहीये. कृपया आपापल्या मंडळात सांगा.

घुंगरू

नाचणाऱ्यांच्या बाजूने. आम्ही अनवाणी नाचतो. मशीन विंगेत जमिनीवर ठेवलेलं असतं, त्याच्या तोंडातून लिक्विडचे थेंब गळत राहतात, शिवाय झोत सरळ खाली फ्लोअरवर आला की लाकडावर एक पातळ निसरडा थर बसतो, लाइटमध्ये तो दिसत पण नाही. माझ्या मैत्रिणीचा एंट्रीलाच पाय सरकला आणि घोटा गेला, पुढचे सगळे कार्यक्रम तिने सोडले. त्या संस्थेने नंतर विचारपूस पण केली नाही, ते असो.

तर मशीन कधीही एंट्रीच्या वाटेवर ठेवू नका. खाली ट्रे ठेवा, ट्रेमध्ये जुनं फडकं. तोंड थोडं वर करा, मुलांच्या चेहऱ्याच्या उंचीला सरळ नको, आणि तोंडापासून निदान दोन-तीन फूट कोणी नको कारण ते तोंड भाजण्याइतकं तापलेलं असतं. पडदा, झालर पण लांब. सांडलं तर नुसतं कोरडं पुसून निघत नाही, गरम पाण्याने पुसा, मग कोरडं करा, मग एकाने पायाने चाचपून बघा.

छातीचा_डॉक्टर

दमा असलेल्या मुलीबद्दल लिहितो. इथे औषधाचा सल्ला देणार नाही, तो तिच्या डॉक्टरांनीच द्यायचा.

ग्लायकॉल ओलावा ओढून घेतात. म्हणून दाट धुरात घसा कोरडा पडतो, खोकला येतो, गाणाऱ्यांचा आवाज बसतो. निरोगी माणसाला मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, पण ज्याच्या श्वासनलिका आधीच संवेदनशील आहेत त्याला यातून अटॅक येऊ शकतो, आणि त्याला लिक्विड कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही. २००५ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात रंगभूमी, चित्रीकरण अशा ठिकाणी धुरात काम करणाऱ्या शंभरेक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सतत धुरात काम करणाऱ्यांना छातीत घरघर आणि आवळल्यासारखं होणं जास्त होतं, आणि मशीनच्या जवळ काम करणाऱ्यांची फुप्फुसाची क्षमता लांब असणाऱ्यांपेक्षा कमी भरली. याच्या आधी २००० मध्ये अमेरिकेत ब्रॉडवेच्या नटांवर अभ्यास झाला होता, त्यानंतर शिफारस आली की नटाच्या श्वासाच्या हवेत ग्लायकॉल कुठल्याही क्षणी दर घनमीटरला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि मिनरल ऑइलचा धूर असेल तर २५. आपल्याकडे हौशी ग्रुपजवळ ते मोजायचं यंत्र नसतं, पण अर्थ स्पष्ट आहे: अंतर ठेवा, झोत छोटा ठेवा, हवा खेळती ठेवा.

मुलगी राक्षसाच्या एंट्रीला स्टेजवर असलीच पाहिजे का? नसेल तर तिला तेव्हा बाहेर ठेवा, मशीनच्या विरुद्ध विंगेत सुद्धा नको. असेल तर डॉक्टरांना विचारून, इन्हेलर मोठ्या माणसाच्या हातात, आणि ज्या मशीन-लिक्विडवर प्रयोग होणार त्यावरच आधी तालीम. तिला पहिल्यांदा प्रयोगाच्या दिवशीच धुरात उभं करू नका. आणि पालकांना लेबलचा फोटो पाठवून द्या.

विंगेत_उभी

खूप खूप आभार सगळ्यांचे. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद तिच्या आईला जसाच्या तसा पाठवला. लाइटवाल्याला कॅन नको म्हणून सांगितलं, तो थोडा नाराज झाला पण मशीनचा मॉडेल नंबर दिला, आता त्याप्रमाणे लिक्विड शोधतीये.

आमच्यातला एकजण म्हणतोय धूर नकोच, ड्राय आइस आणू, तो फक्त कार्बन डायऑक्साइड असतो, सेफ असतो. खरंय का? आणि हेझर वेगळं असतं का?

केमिकल_काका

"फक्त कार्बन डायऑक्साइड" म्हणूनच सांभाळायचं. ड्राय आइस म्हणजे गोठवून घट्ट केलेला तोच गॅस. एक किलो ड्राय आइसमधून पाचशे लिटरच्या वर गॅस निघतो आणि तो हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे खाली साठतो. जमिनीवर झोपलेली किंवा बसलेली मुलं, स्टेजखालची खोली, वाद्यवृंदाचा खड्डा, तिथे ऑक्सिजन कमी पडतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. तापमान उणे ७८.५ डिग्री, उघड्या हाताने धरलं तर कातडी भाजल्यासारखी जाते. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात, थर्मासमध्ये ठेवायचं नाही, फुटतो. गाडीतून आणताना काचा उघड्या. आणि उरलेले तुकडे मुलांच्या हाती लागता कामा नयेत. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखवास समजून ड्राय आइस तोंडात टाकलेल्या लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या, पेपरमध्ये सगळीकडे आलं होतं. लग्नात वधूच्या एंट्रीला वापरतात तेव्हा हॉल मोठा असतो, दारं उघडी असतात. बालनाट्याला माझं मत नको.

उजेडवाला

हेझर वेगळं. फॉग म्हणजे ढग, हेझ म्हणजे हवेत पसरलेलं विरळ धुकं, ज्यात लाइटचा झोत दिसतो. हेझर दोन जातीचे. एक वॉटर-बेस, त्यात ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनचं पातळ लिक्विड. दुसरं ऑइल-बेस, त्यात शुद्ध मिनरल ऑइल, ते तापवत नाहीत, दाबाच्या हवेने फोडतात. हे तेल तापणाऱ्या फॉग मशीनमध्ये चुकूनसुद्धा घालायचं नाही. आगीचा धोका आहे आणि तेलाची वाफ फुप्फुसाला फार वाईट. गोडाऊनमध्ये दोन्ही कॅन शेजारी ठेवले की पावसाळ्यात घाईघाईत हेच होतं, म्हणून मी दोन रंगांच्या पट्ट्या मारून वेगवेगळ्या कपाटात ठेवतो.

आता हाताळण्याचं, जे आठवेल तसं लिहितो.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत लिक्विड कधीही ओतून ठेवू नका. विंगेत अंधार असतो, घशाला कोरड पडलेली असते, आणि समोर पाण्यासारखी दिसणारी बाटली. मुलं असतील तर हे सगळ्यात महत्त्वाचं. मूळ कॅन, मूळ लेबल, झाकण घट्ट, आणि उघडल्याची तारीख मार्करने. कोणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, लेबल हातात घेऊन सरळ हॉस्पिटलला, १०८ ला फोन. इथिलीन किंवा डायइथिलीन असेल तर सुरुवातीला माणूस फक्त झिंगल्यासारखा वाटतो, "बरा आहे की" म्हणून घरी नेतात आणि किडनीचा त्रास नंतर दिसतो, तसं करू नका. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने.

भरताना प्लग काढून, मशीन थंड झाल्यावर, फनेलने, आणि टाकी काठोकाठ नाही. टेम्पोत मशीन चढवताना टाकी रिकामी करा, नाहीतर हिंदकळून लिक्विड आत वायरिंगवर जातं. टाकी कोरडी पडलेली असताना पंप चालवायचा नाही, जळतो. १५०० वॅट म्हणजे साडेसहा ॲम्पियर, ते ६ ॲम्पियरच्या साध्या सॉकेटला किंवा मांडववाल्याच्या बारक्या एक्स्टेंशनला लावायचं नाही, १६ ॲम्पियरचं सॉकेट मागा, अर्थिंग असलेलंच. लिक्विड गढूळ झालं, तळाशी काही दिसलं, आंबूस वास आला की टाकून द्या, पाणी असतं त्यात, बुरशी धरते.

आणि थिएटरच्या मॅनेजरला आधी सांगा. धुराने फायर अलार्म वाजू शकतो. अलार्म परस्पर बंद करायचा नाही, डिटेक्टरवर पिशवी बांधायची नाही, काय करायचं ते थिएटरचा माणूस ठरवेल आणि प्रयोग संपल्यावर चालू झालाय का ते तुमच्यातल्या एकाने बघायचं.

घुंगरू

यात एक भर, प्रेक्षकांनासुद्धा सांगा. दारावर बोर्ड आणि सुरुवातीच्या सूचनेत एक वाक्य, "प्रयोगात कृत्रिम धुराचा वापर आहे". पुढच्या रांगेत आजी-आजोबा बसतात, त्यांना मागे बसायचं असेल तर बसतील. मोबाईल बंद ठेवा सांगतोच ना आपण.

विंगेत_उभी

बोर्ड करतोय. ठरलं ते सांगते. जंगलाच्या प्रवेशातला धूर काढला, तिथे जाळीच्या पडद्यामागून निळा लाइट देतोय, दिग्दर्शकाला रंगीत तालमीत आवडला. फक्त राक्षसाच्या एंट्रीला एक छोटा झोत, त्या वेळी दम्याची मुलगी स्टेजवर नाही, तिच्या आईचा होकार आहे. लिक्विड सीलबंद मिळालं, डेटा शीटमध्ये प्रॉपिलीन आणि ट्रायइथिलीन, काकांनी दिलेले नंबर जुळवून बघितले.

एकच राहिलं. भाड्याच्या मशीनच्या टाकीत आधीचं काहीतरी थोडं शिल्लक आहे. ते तसंच ठेवून वर नवीन भरलं तर चालेल का?

उजेडवाला

नाही, मिसळायचं नाही. जुनं एका डब्यात काढा, त्यावर "काय आहे माहीत नाही, वापरू नये" असं लिहून ज्याचं मशीन त्यालाच परत द्या, बेसिनमध्ये किंवा गटारात ओतू नका. टाकी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. आतल्या सक्शन नळीच्या टोकाला बारीक जाळीचा फिल्टर असतो, तो पण काढून धुवा, जुनं लिक्विड तिथेच अडकून बसतं. मग मॅन्युअलमध्ये चालत असेल तर थोडं डिस्टिल्ड पाणी घालून मशीन उघड्यावर चालवा, मुलं जवळ नसताना. नंतर नवीन लिक्विड भरा आणि त्याचेही पहिले काही झोत बाहेर पार्किंगमध्येच सोडा, वास बदललेला जाणवेल. तो गेला की मगच मशीन आत न्या.